दगडावरची नावे आणि दगड वाहणारे
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत कोपरखैरणे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



युद्धाची आठवण म्हणून जे दगड उभे केले जातात, त्यांच्यावर कोणाची नावे येतात आणि कोणाची येत नाहीत, हा आजचा विषय आहे. गेल्या वर्षी आमच्या काही विद्यार्थ्यांनी विचारले होते, "आपण दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातो. तिथल्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावे आहेत. मग आपल्या आजोबांना गावात वेठ का करावी लागली? स्तंभ आधीचा की वेठ आधीची?" प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायला मात्र आम्हांला बरेच लांबून यावे लागेल.

सुरुवात कोरेगावपासून न करता आपल्या जवळच्या ठिकाणापासून करू. बोरिवलीला एकसर नावाचे जुने गाव आहे. तेथे मोठमोठ्या शिळांवर कोरलेले वीरगळ आहेत. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांचे सविस्तर वर्णन आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचे स्मारक. ते खालून वर वाचायचे असते. खालच्या थरात लढाई, त्याच्या वर मेलेल्या वीराला अप्सरा घेऊन जात आहेत, आणि सर्वांत वर तो देवाची पूजा करतो आहे. महाराष्ट्रात असे वीरगळ खेडोपाडी पडलेले आहेत. कोठे त्यांना शेंदूर फासून देव केले आहे, कोठे त्यांच्यावर बायका धुणे धुतात. एखादा जाणता माणूस येतो, शेंदूर खरवडतो, आणि मग वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक गावी प्राचीन शिल्प सापडले. खरे म्हणजे ते हरवलेले नसते. त्याच्याकडे पाहणारे डोळे हरवलेले असतात.

एकसरच्या वीरगळांचे वैशिष्ट्य असे की त्यांतील काहींवर समुद्रावरची लढाई आहे. गलबते आहेत, आणि गलबतांना वल्ह्यांच्या रांगा आहेत. काही अभ्यासक ही लढाई शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातील, म्हणजे तेराव्या शतकातील मानतात. ते खरे असो वा नसो, आमचे लक्ष वेधले ते वल्ह्यांनी. वल्हे आपोआप हलत नाही. ती वल्ही कोणाच्या हातांत होती, ते पगारी होते की धरून आणलेले होते, हे दगड सांगत नाही. वीर स्वर्गात गेला, वल्हे मारणारे कोठे गेले, याची कोणी शिळा घातली नाही.

आता कोरेगावकडे येऊ. आपल्यापैकी बहुतेकांना ही हकिकत पाठ आहे, तरी विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे कंपनी सरकारची फौज आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची फौज यांची गाठ पडली. कंपनीच्या बाजूने कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची सुमारे ५०० माणसांची पलटण, सुमारे ३०० घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे २४ गोरे व त्यांच्या दोन तोफा होत्या. पेशव्यांची एकूण फौज सुमारे २८,००० असल्याचे इंग्रजी कागदपत्रांत दिले आहे, परंतु गावात घुसून प्रत्यक्ष लढणारी तुकडी त्यामानाने बरीच लहान, म्हणजे दोन हजारांच्या आसपास होती. दिवसभर लढाई झाली. कंपनीची सुमारे २७५ माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. २६ मार्च १८२१ रोजी त्या जागी स्तंभाचा पाया घातला गेला.

स्तंभावर इंग्रजी व मराठी लेख आहे आणि ठार झालेल्या ४९ शिपायांची नावे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. हा 'नाक' प्रत्यय त्या काळी महारांच्या नावाला लागत असे. इतर जातींची आणि धर्मांची नावेही तेथे आहेत, हेही सांगितले पाहिजे. आम्ही आमची २२ नावे वाचताना बाकीची २७ झाकून ठेवण्याचे कारण नाही.

एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. वीरगळावर माणसाचे चित्र असते, पण त्याचे नाव बहुधा नसते. कोरेगावच्या स्तंभावर चित्र नाही, पण नाव आहे. ज्या माणसाला गावात चावडीच्या पायरीखाली उभे राहून जोहार घालावा लागे, त्याचे नाव सरकारने दगडात कोरले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मात्र कंपनीने तो स्तंभ महारांच्या गौरवासाठी उभारला असे जे कधीकधी भाषणांतून सांगितले जाते, ते आम्हांस पटत नाही. कंपनीने तो स्वतःच्या विजयासाठी उभारला. आमच्या माणसांची नावे त्यावर आली, कारण ती माणसे त्या विजयासाठी मेली होती. गौरव मागाहून आला, आणि तो आपल्या लोकांनी दिला.

आता त्या स्तंभावर जे नाही ते पाहू. जुन्या काळी कोणतेही लष्कर हलले की वाटेवरच्या गावांतून बिगारी धरले जात. तंबू, दाणागोटा, दारूगोळा, साहेबांचे सामान हे सारे कोणाच्या तरी डोक्यावरून जाई. पेशव्यांचे लष्कर असो की कंपनीचे, या बाबतीत दोघांची रीत सारखीच होती. बिगारी मागितले की पाटील चावडीवर येसकराला हाक मारी, आणि येसकर महारवाड्यात जाई. म्हणजे महाराच्या घरातला एक भाऊ पलटणीत बंदूक घेऊन चालला असेल, तर दुसरा त्याच पलटणीचे बोचके डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत चालत असेल. शिवेवर दुसऱ्या गावचे बिगारी ओझे उचलीत. मजुरी मिळाली तर मिळाली. स्तंभावर पहिल्या भावाचे नाव असू शकते. दुसऱ्याचे कोठेच नाही.

आणि स्तंभ उभा राहिल्यावर काय झाले? विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. वेठ स्तंभाच्या आधीपासून होती आणि स्तंभानंतर जवळजवळ १४० वर्षे टिकली. राज्य बदलले, पण वतन तेच राहिले. इंग्रज सरकारने १८७४ साली मुंबई इलाख्यासाठी वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला आणि महारकीला कायद्याची चौकट मिळाली. पूर्वी जे गावच्या रूढीने होत होते, ते आता सरकारच्या हुकमाने होऊ लागले.

महारकी म्हणजे काय, हे आज विशीत असलेल्या मुलामुलींना सांगावे लागते. आलेल्या सरकारी माणसाचे सामान पुढच्या गावी पोचवणे, त्याच्या घोड्याला गवत आणणे, चावडी झाडणे, वसुलाचा पैसा तालुक्याच्या खजिन्यात नेताना सोबत जाणे, टपाल व हुकूम पोचवणे, दवंडी देणे, गावात मयत झाले की दूरच्या पाहुण्यांना रात्री-अपरात्री निरोप सांगायला पायी जाणे, शेताच्या बांधाचा वाद निघाला की शिवेवर उभे राहणे, लाकडे फोडणे, मेलेले ढोर ओढणे. आणि दिवस-रात्र असा हिशेबच नाही. मोबदला म्हणून हाडकी-हाडोळ्याची थोडी जमीन, जी वाटण्या होऊन होऊन ओंजळभर उरलेली, शिवाय खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागितलेल्या भाकरी. सरकारचे काम आणि पगार मात्र गावकऱ्यांनी द्यायचा, तोही त्यांच्या मर्जीवर. त्यामुळे महाराने जरा मान वर केली की बलुते बंद. या एका व्यवस्थेने माणूस सरकार आणि गाव या दोघांचा एकाच वेळी बांधील झाला.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे वर्म नेमके ओळखले होते. तारखा पाहा. १ जानेवारी १९२७ रोजी, शिवराम जानबा कांबळे आदी कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने झालेल्या कार्यक्रमासाठी, बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी आले. मार्च १९२७ मध्ये महाड. आणि मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. केवळ पंधरा महिन्यांचे अंतर आहे. स्तंभ, तळे आणि वतन या तीन गोष्टी आपण वेगवेगळ्या कार्यक्रमांत वेगवेगळ्या सांगतो. आमच्या समजुतीप्रमाणे ते एकच काम होते. तुम्ही लढवय्ये होता हे स्तंभापाशी आठवून द्यायचे, तुम्ही माणसे आहात हे तळ्यावर सिद्ध करायचे, आणि तुम्हांला जनावरासारखे राबवणारी दोरी कौन्सिलात कापायची. कौन्सिलात त्यांनी सरकारला दाखवून दिले की पाळीचा महार हजर नसला तर त्याच्या घरातल्या कोणालाही कामाला लावले जाते. नोकर एक आणि राबते अख्खे कुटुंब. हे विधेयक पास झाले नाही. ते पुढे मागे घ्यावे लागले. १९३९ च्या डिसेंबरात नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची परिषद झाली, तेव्हाही प्रश्न तोच होता. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार वतन मोडले होते, पण इंग्रजी मुलखाला त्यांचे अनुकरण करावेसे वाटले नाही. अखेर १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो अमलात आला. तोपर्यंत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन अडीच वर्षे उलटली होती. आपण बौद्ध झालो होतो, आणि सरकारी कागदावर वतन अजून जिवंत होते.

दरम्यान लष्कराचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. आम्ही लढवय्या जातींत बसत नाही, असे कारण. कोरेगावचा स्तंभ त्यांच्याच रस्त्यावर उभा होता! गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. ज्या सरकारने अर्ज केराच्या टोपलीत टाकले, त्याला गरजेच्या वेळी स्तंभ आठवला. हे सांगताना आम्हांला कोणाच्या शौर्याला कमीपणा आणायचा नाही. शौर्य त्या माणसांचे होते आणि सोय सरकारची होती, एवढेच.

पहिल्या महायुद्धाचा आणखी एक भाग आहे, जो आपल्या भाषणांत कधी येत नाही. त्या युद्धासाठी हिंदुस्थानातून सुमारे चौदा लाख माणसे घेतली गेली. त्यांपैकी साडेपाच लाखांहून अधिक माणसांच्या हाती बंदूक नव्हती. हमाल, खेचरवाले, भिस्ती, भंगी, धोबी, स्वयंपाकी, डोलीवाले, रस्ते व रेल्वे बांधणारे मजूर. राधिका सिंघा या इतिहासकार विदुषींनी 'द कुलीज ग्रेट वॉर' हा ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध केला. या माणसांवरच तो लिहिला आहे. इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य मिळवावा. त्यात तुरुंगातील कैद्यांच्या तुकड्यांची हकिकत आहे. शिक्षेत सूट मिळेल असे सांगून हजारो कैदी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हमालीसाठी व मजुरीसाठी पाठवले गेले. ईशान्येकडील डोंगरी मुलखात मजुरांची सक्तीने भरती सुरू झाली तेव्हा मणिपूरच्या कुकी लोकांनी १९१७ मध्ये बंड केले आणि ते १९१९ पर्यंत चालले. कागदावर मजूर 'स्वखुशीने' आलेले असतात. वेठ माहीत असलेल्यांना या 'स्वखुशी'चा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या माणसांचे दगड कोठे आहेत? इराकमध्ये बसरा येथे १९२९ साली एक मोठे युद्धस्मारक उभारण्यात आले. तेथे ज्यांची थडगी नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मरण आहे. पण त्याच्या भिंतीवर ब्रिटिश मृतांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांच्या व मजुरांच्या बाबतीत फक्त पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. अमुक तुकडी, इतके. नावे वहीत ठेवली होती, दगडावर नव्हती. १९९७ मध्ये हे संपूर्ण स्मारक तेथून उचलून शहराबाहेर वाळवंटातल्या रस्त्यावर नेऊन उभे करण्यात आले. आकडे तेथेही आकडेच राहिले.

शंभर वर्षांनी याची दखल घेतली गेली. ज्या संस्थेकडे ही स्मारके आहेत, त्या राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःचाच अहवाल प्रसिद्ध केला. आशिया व आफ्रिकेतील किमान ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने केले गेले नाही, आणि किमान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावे कोठेच कोरली गेली नाहीत, असे त्यात म्हटले आहे. अहवालानंतर माफी मागितली गेली. संख्येतला फरक पाहा. एक लाख सोळा हजार की साडेतीन लाख? मधली दोन लाख चौतीस हजार माणसे मेली की नाही, हेदेखील नक्की सांगता येत नाही. ज्याची गणती झाली नाही, त्याचे मरणही अंदाजाने लिहावे लागते.

आता थोडे पूर्वेकडे जाऊ, कारण ते बौद्ध देश आहेत आणि आपल्यापैकी काही जण थायलंडला धम्मयात्रेला जाऊन आले आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने ब्रह्मदेश आणि थायलंड यांना जोडणारा ४१५ किलोमीटरचा रेल्वेमार्ग बांधला. १९४२ मध्ये काम सुरू झाले आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये पुरे झाले. साठ हजारांहून अधिक युद्धकैदी त्यावर राबले. त्यांपैकी बारा हजारांहून अधिक मेले. चित्रपटामुळे जगाला ते ठाऊक आहेत. त्यांच्याबरोबर राबलेले आशियाई मजूर दोन लाखांच्या आसपास होते. मलायातले तमिळ मळेकामगार, ब्रह्मी, जावाचे, मलाय, चिनी. त्यांतले नव्वद हजार किंवा त्याहून जास्त मेले असावेत असा अंदाज आहे. पुन्हा अंदाजच. कांचनाबुरीला युद्धकैद्यांची सुंदर, फुलझाडांची स्मशानभूमी आहे, तेथे जवळजवळ सात हजार थडगी आहेत. मजुरांची तशी एकही नाही.

पण तेथे पुलाजवळ एक स्तंभ आहे. तो १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, खुद्द जपानी लष्कराच्या रेल्वे तुकडीने उभारला. त्यावर इंग्रजी, मलाय, चिनी आणि तमिळ भाषांतही लेख आहेत. म्हणजे ज्यांनी राबवून मारले त्यांनीच, मेलेल्यांच्या भाषेत, दगडावर श्रद्धांजली लिहिली. कोरेगावचा स्तंभ पाहिलेल्या माणसाला या स्तंभापुढे विचारात पडल्यावाचून राहवणार नाही. आम्हांला असा दगड फोडून टाकावा असे वाटत नाही. तो दगड आहे म्हणून तमिळ मजूर तेथे होते याचा युद्धकाळातलाच पुरावा आहे. पण त्यावर काय लिहिले आहे एवढेच वाचून परत येऊ नये. १९९० मध्ये कांचनाबुरीत एका शेतात खणताना शेकडो माणसांचे सांगाडे निघाले. ते मजुरांचे होते, असे मानले जाते. स्तंभ ४६ वर्षे उभा होता आणि माणसे इतकी वर्षे शेताखाली होती.

इतके फिरून आल्यावर आपल्या वेठीचे स्मारक कोठे आहे, असे कोणी विचारील. आमच्या मते एक आहे, आणि ते दगडाचे नाही. भारतीय संविधानाचे तेविसावे कलम काढून पाहा. माणसांचा व्यापार, बेगार आणि तशा प्रकारची सक्तीची मजुरी यांना त्यात मनाई केली आहे, आणि मनाई मोडणे हा गुन्हा ठरवला आहे. मूळ इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हाच शब्द आहे, त्याला इंग्रजी प्रतिशब्द घातलेला नाही. घटना परिषदेत डिसेंबर १९४८ मध्ये हे कलम चर्चेला आले. इंग्रजीत लिहिलेल्या राज्यघटनेत गावच्या चावडीवरचा हा शब्द जसाच्या तसा बसला आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे की सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा घेता येईल, पण ती घेताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेदभाव करता येणार नाही. हा दुसरा भाग विद्यार्थी अनेकदा वाचत नाहीत. वेठीचे सारे मर्म तेथेच आहे. संकटकाळी ओझे सर्वांनी उचलायचे असेल तर ती सेवा, आणि एकाच आळीला हाक जात असेल तर ती वेठ. पुढे १९७६ मध्ये वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा झाला. तो करावा लागला, यावरूनच कलम लिहून काम संपत नाही हे दिसते.

आता घरचा विषय. या सभागृहात बसलेल्यांपैकी किती तरी कुटुंबे सातारा, पुणे, नगर, सोलापूर या भागांतून मुंबईत आली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी बाजारात लागले. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला, तेव्हा माथाडी कामगारांबरोबर आपलीही माणसे खाडी ओलांडून आली आणि कोपरखैरण्याच्या वसाहतीत राहू लागली. डोक्यावर ओझे वाहणे आजोबांनीही केले आणि नातवानेही केले. फरक काय? आजोबांना हाक आली की जावे लागे, आणि नातवाच्या मागे १९६९ चा माथाडी कायदा होता, मंडळ होते, हजेरी होती, मजुरीचा दर होता, आणि ओझे किती किलोचे असावे यावर भांडायला संघटना होती. ओझे तेच, पण आता नाव हजेरीपटावर लागले.

तरीही आपल्या घरांत वेठीविषयी बोलले जात नाही. गेली दोन वर्षे आमच्या संस्थेत याच गोष्टीवर मतभेद चालू आहे, आणि तो लपवून ठेवण्याचे कारण नाही. ज्येष्ठांपैकी काही जण म्हणतात, "कोरेगाव सांगा, महाड सांगा, दीक्षाभूमी सांगा. मुलांना अभिमान वाटला पाहिजे. आम्ही भाकरी मागितल्या, ढोरे ओढली, ते उकरून काय करणार? आम्ही ते सोडले म्हणून तर बौद्ध झालो." हे म्हणणे आम्ही हलक्याने घेत नाही. ज्याने भोगले त्याला गप्प राहण्याचा अधिकार आहे. एका उपासिकेने सांगितले, की तिच्या सासऱ्यांनी धम्मदीक्षेनंतर घुंगराची काठी चुलीत घातली आणि पुन्हा त्या काठीचे नाव घरात काढू दिले नाही. ती काठी आज असती तर संग्रहालयात ठेवली असती, असे आम्ही सहज म्हणालो. त्यावर ती बाई म्हणाली, "संग्रहालय तुमचं. चूल आमची होती." या उत्तरापुढे आम्हांला काही बोलता आले नाही.

पण आमचे मत आम्ही आज येथे स्पष्ट मांडतो. जे आपण सांगणार नाही, ते दुसरे कोणी सांगेल, आणि ते आपल्या सोयीने सांगेल. "पूर्वी गावात सारे गुण्यागोविंदाने नांदत होते, बारा बलुतेदारांचे किती छान होते," असे लेख शाळेच्या पुस्तकांजवळ आणि दिवाळी अंकांत आपण वाचत आलो आहोत. त्याला उत्तर द्यायला २२ नावांचा स्तंभ पुरत नाही. स्तंभ सांगतो की आपण लढलो. पण पाळीच्या महाराला रात्री दोन वाजता उठवून पावसात बारा मैल पाठवले, तो गेला, परत आला आणि सकाळी पुन्हा चावडीवर उभा राहिला, हे स्तंभ सांगत नाही. आमच्या दृष्टीने लाज असेल तर ती उठवणाऱ्याची आहे. जो चालला त्याची नाही. अर्थात हे आम्ही म्हणणे सोपे आहे. ज्याच्या पायात काटे मोडले त्याने ते म्हटले तर त्याला किंमत.

आणि वेळ फार थोडा आहे. १ ऑगस्ट १९५९ ला जो मुलगा दहा-बारा वर्षांचा होता, त्याने वडिलांबरोबर येसकरपाळी पाहिली असेल. तो आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. अशी माणसे आपल्या वसाहतीत आहेत, मागच्या रांगेत बसली आहेत, आणि दरवर्षी त्यांतली काही कमी होत आहेत. बसऱ्याच्या वहीत निदान नावे तरी होती. आपल्या गावच्या पाळीची वही कोठेच नाही. असलीच तर तलाठ्याच्या जुन्या दप्तरात वतनदारांची नोंद मिळेल, त्यात कुळाचे नाव असेल, राबलेल्या बायकांचे नसेल.

म्हणून कार्यकारिणीने जो निर्णय घेतला आहे तो सांगून आम्ही थांबतो. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी, वंदना झाल्यावर, दोन-दोन विद्यार्थ्यांनी एका ज्येष्ठ सभासदाच्या घरी जायचे आहे. आधी विचारून जायचे. नको म्हणाले तर जयभीम करून परत यायचे, दुसऱ्यांदा आग्रह करायचा नाही. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचे असेल तर परवानगी घ्यायची, आणि कोणाचेही बोलणे समाजमाध्यमांवर टाकायचे नाही. गावाचे नाव, तालुका, वाड्यात किती घरे होती, पाळी कशी ठरे, किती दिवसांची असे, हाडोळा किती होता आणि आज तो कोणाच्या ताब्यात आहे, बलुत्यात काय मिळे, बायकांना कोणते काम पडे, काम कधी आणि कसे सोडले, सोडल्यावर गावाने काय केले, एवढे विचारायचे. ते ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत लिहायचे. 'विशाळगडाकडं गेलतो' असे म्हणाले तर 'गेलो होतो' असे सुधारून लिहू नये. पाळीवर जाणाऱ्यांची नावे जितकी आठवतील तितकी लिहून घ्यायची, आजोबांची, चुलत आजोबांची, आजीचीही. वह्या संस्थेच्या कपाटात राहतील. त्यातले काय छापायचे आणि काय नाही, हे सांगणारा ठरवील.

पहिल्या रविवारसाठी सहा विद्यार्थ्यांनी नावे दिली आहेत. आणखी चौघांची गरज आहे. मुलींनी पुढे यावे, कारण आज्या मुलींशी जास्त मोकळेपणाने बोलतात. नावे सभा संपल्यावर चिटणिसांकडे द्यावीत.

जयभीम!